तपकिरी पतंगाला नाव देण्याआधी

पावसाळ्यात येऊरला दिव्याखाली एखादा छोटा तपकिरी पतंग बसलेला दिसतो. तुम्ही फोटो काढता, ॲप लगेच नाव सुचवतं आणि ते तुमच्या यादीत जातं. इथेच थांबा.

हायब्लिया प्युएरा ही जात घ्या. तिचं वर्णन १७७७ मध्येच झालंय, तरी फोटोवरून ती फसवते. बसल्यावर पुढचे पंख मागच्या पंखांना छपरासारखे झाकतात, त्यामुळे वाळक्या पानासारखा तपकिरी रंगच दिसतो. ओळखीची खूण म्हणजे मागच्या काळपट पंखांवरचे नारिंगी-पिवळे डाग. ते फोटोत येतच नाहीत!

मग अळी कुठल्या झाडावर होती, ते बघायचं? मदत होते, पण तेवढं पुरत नाही. या अळ्या सागाची पानं फस्त करण्यासाठी प्रसिद्ध आहेत. मात्र खाडीकाठच्या तिवरांवरही त्या वाढतात. फक्त सागच शोधत बसलात, तर तिवरावरची नोंद हुकेल.

जवळच्या जाती वेगळ्या करायला बऱ्याचदा पोटाचं टोक पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात मऊ करून जननांगं सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागतात. त्यासाठी नमुना हवा. पण येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तेव्हा वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही.

नमुना नसेल तर सरळ लिहा : 'हायब्लिया, जात अनिश्चित'. यात कमीपणा अजिबात नाही. चुकीचं नाव एकदा यादीत शिरलं की पुढचे अभ्यासक तेच उतरवून घेतात. अर्धवट पण खरी नोंद मात्र पुढे कुणीतरी पूर्ण करू शकतं.