घरातल्या साऱ्यांचे केस सारखे नसतात

एकाच घरात सासूबाईंचे केस विरळ, सुनेचे दाट व सरळ, तर धाकट्या लेकीचे कुरळे असतात. पण न्हाण्याच्या दिवशी तिघींना एकच साबण, एकच फणी आणि तीच घट्ट वेणी! मग केस तुटतात, गुंततात आणि दोष मात्र नशिबाला दिला जातो. केसांचा पोत ओळखून निगा राखली तर यातला बराच त्रास टळतो.

सरळ केसांत टाळूचे तेल लवकर खाली उतरते. ते तेलकट होतात आणि शेतातली धूळ चटकन धरतात. अशा केसांना तेल बेताने लावावे व आठवड्यातून दोनदा न्हावे. कुरळ्या केसांत तेल वळणावळणात अडते, शेंडे कोरडेच राहतात. त्यांना न्हाण्याआधी कोमट खोबरेल शेंड्यांपर्यंत लावावे. गुंता रुंद दातांच्या कंगव्याने सोडवावा. आधी शेंडे, मग मध्य आणि शेवटी मुळांकडे. बारीक फणी उवा-लिखांसाठी, गुंता ओढून काढण्यासाठी नव्हे.

विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असेल तर साबणाचा फेस होत नाही. त्याची चिकट साय केसांवर बसते व ते राठ होतात. शिकेकाईला ही अडचण येत नाही. ती रात्री भिजत घालून सकाळी उकळावी आणि गाळून घ्यावी, म्हणजे चोथा केसांत अडकत नाही. धुण्याचा साबण किंवा सोडा डोक्याला कधीच लावू नये.

ओला केस ताणला की लवकर तुटतो. म्हणून न्हाऊन लगेच अंबाडा घालू नये. फडक्याने टिपून केस आधी वाळू द्यावेत. मुलींच्या रिबिनीच्या वेण्या सैल घालाव्यात. रोज ओढ बसली तर कपाळावरचे केस मागे हटतात, आणि वर्षानुवर्षे असेच चालले तर ते पुन्हा उगवत नाहीत. रानात काम करताना डोक्याला सुती फडके बांधावे.

आता जटेविषयी. रोज काही केस गळतातच. विंचरले नाही तर गळलेले केस आतच राहतात, उरलेल्या केसांत गुरफटतात. घाम, तेल व धूळ त्यांना घट्ट करतात. हीच जट! कुरळ्या केसांत ती लवकर धरते. तिच्याखाली उवा होतात, जखमा चिघळतात, मान दुखते. तरीही देवीच्या कोपाच्या भीतीने ती कापत नाहीत. याच समजापायी कित्येक मुली देवाला सोडल्या गेल्या. ही प्रथा बंद करण्यासाठी 1934 साली मुंबई इलाख्यात आणि पुढे 2005 साली महाराष्ट्रात कायदे झाले. जट लहान असेल तर भरपूर तेल लावून बोटांनी सोडवावी. मोठी असेल तर सरळ कात्रीने कापावी. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अनेक स्त्रियांच्या जटा अशा काढल्या आहेत. डोके हलके होते, दुसरे काही घडत नाही.

बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी केस जास्त गळतात. ते बहुधा पुन्हा येतात. पण गळणे थांबेना, दमही लागत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. अंगात रक्त कमी असेल तर नुसत्या तेलाने केस टिकत नाहीत. पालेभाजी, मटकी, शेंगदाणे घरचेच आहेत. ते बाईच्या ताटातही पडू द्यावेत!