सोंगाचा वारसा : जॉन ल कारे यांची ‘अ परफेक्ट स्पाय’

शीतयुद्धाच्या काळात इंग्रजीत जे हेरकथावाङ्मय निर्माण झाले, त्यात इयन फ्लेमिंग यांचा जेम्स बाँड सर्वाधिक लोकप्रिय ठरला. मात्र हा हेर शत्रूसमोर उभा राहून स्वतःचे खरे नाव ऐटीत सांगतो, ही विसंगती त्याच्या चाहत्यांना फारशी खटकलेली दिसत नाही. प्रत्यक्ष हेरगिरीत सर्वांत आधी टाकून द्यायची वस्तू म्हणजे स्वतःचे नाव, आणि ते एकदा टाकले की मागे नेमके काय उरते, हा प्रश्न ज्या मोजक्या कादंबरीकारांनी गांभीर्याने हाताळला, त्यांत जॉन ल कारे यांचे स्थान पहिले आहे. त्यांची ‘अ परफेक्ट स्पाय’ ही कादंबरी 1986 साली प्रसिद्ध झाली. ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ (1963) किंवा ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ (1974) यांच्याइतकी ती वाचली गेली नसली, तरी त्यांच्या लेखनातील सर्वांत काळोखी आणि सर्वांत खोल गेलेली कृती तीच आहे, असे म्हणण्यास भरपूर आधार आहे. अमेरिकी कादंबरीकार फिलिप रॉथ यांनी तर तिला दुसऱ्या महायुद्धानंतरची सर्वश्रेष्ठ इंग्रजी कादंबरी ठरवले होते.

कादंबरीचा नायक मॅग्नस पिम हा व्हिएन्ना येथील ब्रिटिश वकिलातीत वरकरणी राजनैतिक अधिकारी, पण वस्तुतः ब्रिटिश हेरखात्याच्या तेथील ठाण्याचा प्रमुख आहे. वडील रिक यांच्या अंत्यविधीसाठी तो लंडनला जातो आणि परत येत नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस असलेल्या डेव्हन परगण्यातील समुद्रकाठच्या एका गावात मिस डबर नावाच्या वृद्ध बाईंकडे त्याने भाड्याची खोली घेऊन ठेवलेली असते, तेथे तो ‘मिस्टर कँटरबरी’ या नावाने ओळखला जातो, आणि त्या खोलीचा पत्ता पत्नीला नाही, वरिष्ठांना नाही, शत्रूलाही नाही. तेथे बसून तो शाळेत शिकणाऱ्या मुलाला, टॉमला, उद्देशून आपले सबंध आयुष्य लिहून काढू लागतो. त्याच वेळी त्याची पत्नी मेरी आणि त्याला तरुणपणी या व्यवसायात आणणारा जॅक ब्रदरहूड हे दोघे त्याच्या मागावर निघतात, कारण ठाण्यातील ‘बर्नबॉक्स’ही नाहीसा झालेला असतो; बर्नबॉक्स म्हणजे हस्तकांची नावे व अन्य गोपनीय कागद ठेवण्याची, आणीबाणीच्या प्रसंगी आतील सर्व कागद जाळून टाकता येतील अशी सोय असलेली पेटी. पिम अनेक वर्षे चेकोस्लोव्हाकियाच्या हेरखात्यासाठी काम करीत होता, हे वाचकाला फार उशिरा कळत नाही. गद्दार कोण, या प्रश्नावर ‘टिंकर टेलर’ उभी होती. येथे गद्दाराचे नाव माहीत असते आणि असा माणूस घडतो कसा, एवढेच शोधायचे उरते.

खोटी ओळख ही हेरखात्यांत कशी तयार केली जाते, हे येथे थोडे विस्ताराने पाहणे उपयुक्त ठरेल. हेराला दिलेल्या बनावट जीवनकथेला त्या व्यवसायात ‘लेजंड’ म्हणतात, आणि तिच्यात केवळ नाव व पारपत्र नव्हे, तर जन्मगाव, शाळा, नोकऱ्या, नातेवाईक, सवयी असे सर्व काही परस्परांशी जुळेल अशा रीतीने बसवलेले असते. जानेवारी 1961 मध्ये लंडनमध्ये पकडला गेलेला गॉर्डन लॉन्सडेल हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. संगीतयंत्रे, म्हणजे नाणे टाकल्यावर गाणे वाजवणारे ज्यूकबॉक्स, विकणारा हा कॅनडियन व्यापारी प्रत्यक्षात कोनोन मोलोदी नावाचा सोव्हिएत अधिकारी होता आणि त्याने एका खऱ्याखुऱ्या कॅनडियन माणसाची ओळख धारण केली होती. त्याच्याबरोबर पकडलेले पीटर व हेलन क्रोगर हे जोडपे लंडनच्या राइस्लिप उपनगरात न्यूझीलंडचे नागरिक म्हणून राहत होते. पीटर जुन्या दुर्मीळ पुस्तकांचा व्यापार करी आणि घरातून मॉस्कोशी बिनतारी संपर्क साधला जाई. ते मूळचे अमेरिकी असून त्यांची खरी नावे मॉरिस व लोना कोहेन अशी होती. लॉन्सडेलला 25 वर्षांची शिक्षा झाली, परंतु 1964 मध्ये सोव्हिएत कैदेतील ग्रेव्हिल विन या इंग्रजाच्या बदल्यात त्याची सुटका झाली. मुखवटा कितीही पक्का असला तरी मोलोदीला तो उतरवून परत जाण्यासाठी एक घर, एक देश आणि एक खरे नाव होते. पिमच्या बाबतीत ल कारे यांनी नेमका हाच आधार काढून घेतला आहे. त्याला कोणत्याही खात्याने लेजंड शिकवण्याची गरज पडत नाही, कारण तो एका लेजंडमध्येच जन्माला आलेला असतो.

ती लेजंड म्हणजे त्याचे वडील. रिक पिम हा ठकसेन आहे, आणि इंग्रजी कादंबरीने निर्माण केलेल्या थोर ठकसेनांत त्याची गणना निःशंकपणे व्हावी. विधवांच्या ठेवी, कागदोपत्री कंपन्या, न भरलेली हॉटेलांची बिले आणि कर्जावर घेतलेले शर्यतीचे घोडे यांच्या बळावर तो राजेशाही थाटाने जगतो, भोवती होयबांचा दरबार बाळगतो आणि ज्याला बुडवतो त्याच्याही डोळ्यांत पाणी आणतो. सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, ही मराठीतील म्हण रिक पिमने आयुष्यभर खोटी ठरवली. पोटनिवडणुकीत तो लिबरल पक्षाचा उमेदवार म्हणून उभा राहतो, तेव्हा पेगी वेंटवर्थ ही त्याने देशोधडीला लावलेली बाई त्याचा तुरुंगवास उघडा पाडण्यासाठी येते. सभा, पाठीराखे, गुपित आणि त्या गुपिताकडे ओढला जाणारा तरुण मुलगा यांची तेथे जी गुंफण होते, ती संपूर्ण कादंबरीतील सर्वोत्तम प्रकरणांपैकी आहे. अशा घरात वाढलेला मॅग्नस लहानपणीच शिकतो की समोरच्याला जे ऐकावेसे वाटते ते ओळखणे आणि ते सांगणे म्हणजेच प्रेम. पुढे राज्यसंस्था याच कौशल्याला पगार आणि निवृत्तिवेतन देते, एवढाच काय तो फरक.

बर्न येथे विद्यार्थी असताना पिमची गाठ अॅक्सेल नावाच्या लंगड्या, कागदपत्रे नसलेल्या निर्वासिताशी पडते. दोघांची जिवलग मैत्री होते आणि पिम त्याची माहिती ब्रदरहूडला पुरवतो. स्विस पोलीस अॅक्सेलला उचलून नेतात. काही वर्षांनी पिम ऑस्ट्रियात सैनिकी सेवेत असताना हाच अॅक्सेल चेक हेरखात्याचा माणूस म्हणून पुन्हा समोर उभा राहतो, आणि दगा दिलेल्या मित्राची भरपाई म्हणून पिम त्याला जे देऊ लागतो ते पुढे थांबत नाही. बदल्यात अॅक्सेल त्याला दिखाऊ, पण आतून पोकळ माहिती पुरवतो, जिच्या जोरावर पिमला लंडनमध्ये बढत्या मिळत जातात. म्हणजे एकाच माणसाचे यश दोन्ही खात्यांना हवे असते आणि संशय घेण्यात दोघांचेही नुकसान असते. प्रत्यक्षातही मोठी फितुरी दीर्घकाळ टिकण्यामागे हेच कारण पुष्कळदा आढळते. विशेष म्हणजे या देवाणघेवाणीत विचारसरणीला जवळजवळ स्थानच नाही. जानेवारी 1963 मध्ये बैरूतहून मॉस्कोला पळालेला ब्रिटिश हेरखात्यातील फितूर किम फिल्बी निदान साम्यवादावरील निष्ठेचा दाखला देऊ शकत होता. पिमपाशी तेवढेही नाही, आणि म्हणूनच तो अधिक भयावह वाटतो.

कौटिल्याने अर्थशास्त्रात दोन्ही बाजूंकडून वेतन घेणाऱ्या हेराला ‘उभयवेतन’ अशी संज्ञा दिली असून, अशा माणसाची बायकामुले आधी आपल्या ताब्यात ठेवावीत, असा रोखठोक सल्ला दिला आहे. त्यामागचे गृहीतक असे की माणूस स्वामीला विकेल, पण कुटुंबाला विकणार नाही. ल कारे यांच्या कादंबरीत हे गृहीतकच मोडून पडते, कारण पिमची पत्नी स्वतः हेरखात्यात काम केलेली आहे, तिचे पूर्वी ब्रदरहूडशी संबंध होते, आणि पिम घरातही तितकाच भूमिकेत असतो जितका कचेरीत. टॉमला लिहिलेले पत्र हा या माणसाचा खरे बोलण्याचा एकमेव प्रयत्न आहे. पण त्यातही स्वतःविषयी लिहिताना तो बहुतेक ठिकाणी ‘पिम’ असे तृतीयपुरुषी लिहितो, मध्येच ‘मी’वर घसरतो आणि पुन्हा ‘पिम’कडे परततो. हा निव्वळ शैलीचा खेळ नव्हे. सर्व बुरखे फाडण्याची प्रतिज्ञा करणारा माणूसही स्वतःच्या आयुष्याकडे एखाद्या हस्तकाच्या फायलीप्रमाणेच पाहू शकतो, हे त्यातून उघड होते.

कादंबरी निर्दोष नाही. पाठलागाच्या प्रकरणांत, विशेषतः पिमवर संशय घेणाऱ्या अमेरिकी अधिकाऱ्यांच्या चित्रणात, लेखकाची चीड कथेला वाकवते. मेरीला बुद्धी दिली आहे, पण तिच्या वाट्याला बहुतांश वेळ भोगणेच येते. आणि काळाच्या सततच्या उलटसुलट उड्यांमुळे पहिली शंभर पाने वाचकाची परीक्षा पाहतात. बीबीसीने 1987 मध्ये केलेल्या सात भागांच्या मालिकेने कथा सरळ कालक्रमाने सांगून ही अडचण दूर केली आणि रे मॅकअॅनली यांचा रिक अविस्मरणीय ठरला, तथापि त्या सरळपणात पत्रलेखकाची घुसमट बरीचशी हरवली.

रिक कोठून आला, हे ल कारे यांनी कधी लपवले नाही. 19 ऑक्टोबर 1931 रोजी पूल येथे जन्मलेल्या या लेखकाचे खरे नाव डेव्हिड कॉर्नवेल. वडील रॉनी हे विम्याच्या अफरातफरीसाठी तुरुंगात जाऊन आलेले, 1950 च्या सार्वत्रिक निवडणुकीत यारमथ येथून लिबरल पक्षातर्फे उभे राहिलेले आणि 1954 मध्ये दिवाळखोर ठरलेले गृहस्थ होते. आई ऑलिव्ह मुलगा पाच वर्षांचा असताना घर सोडून गेली. बर्नमधील शिक्षण, ऑस्ट्रियातील सैनिकी सेवा, ऑक्सफर्डमध्ये डाव्या विद्यार्थ्यांची माहिती गुप्तपणे पुरवणे, हे सारे टप्पे लेखकाने पिमला दिले. ब्रिटनची अंतर्गत सुरक्षा पाहणारी एमआय5 आणि परदेशी हेरगिरी करणारी एमआय6 अशा दोन्ही खात्यांत नोकरी करून 1964 मध्ये ते बाहेर पडले. सेवेत असताना स्वतःच्या नावाने लिहिण्यास मनाई असल्याने त्यांनी टोपणनाव घेतले, आणि ते कसे सुचले याविषयी दुकानावरच्या पाटीची जी गोष्ट ते सांगत, ती आपणच रचली होती हे त्यांनी पुढे मान्य केले. रॉनी 1975 मध्ये वारले, तेव्हा अंत्यविधीचा खर्च मुलाने दिला, पण तो स्वतः तेथे गेला नाही. वडिलांवर लिहिण्याचा प्रयत्न ते त्याआधीपासून करीत होते. तो साधला तो रॉनींच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, आणि तोही मुलालाच अधिक दोषी ठरवल्यावर.

ल कारे डिसेंबर 2020 मध्ये निवर्तले. त्यांचे चरित्रकार अॅडम सिस्मन यांनी 2015 च्या चरित्रातून गाळलेला मजकूर 2023 मध्ये स्वतंत्र पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला, आणि ल कारे यांच्या विवाहबाह्य संबंधांची, तसेच ते दडवण्यासाठी त्यांनी हेरखात्यातील क्लृप्त्यांचा कसा उपयोग केला याची माहिती त्यातून बाहेर आली. तेव्हापासून पिम म्हणजे लेखकाचा कबुलीजबाब, असे वाचन रूढ होऊ लागले आहे. ते मोहक असले तरी अपुरे आहे, कारण लिहून झाल्यावर कॉर्नवेल यांच्यापाशी पुढची कादंबरी होती, आणि पिमपाशी टॉमच्या पत्राखेरीज लिहिण्यासारखे काहीच नव्हते.