पत्र पेशंटचं, पुतळा झिंबाब्वेचा

या पुरस्कारात रोख रक्कम नाही. मंत्री येत नाहीत, हारतुरे नसतात, सभागृहही लागत नाही. ड्युटीवरच्या सिस्टरला काहीतरी निमित्त काढून वॉर्डातच बोलावतात. येऊन बघते तर सगळे सहकारी गोळा झालेले. मग एक पत्र वाचून दाखवलं जातं. ते बरं होऊन घरी गेलेल्या पेशंटचं असतं, कधी बऱ्या न झालेल्या पेशंटच्या घरच्यांचं. अमेरिकेत सुरू झालेला हा ‘डेझी अवॉर्ड’ आज अनेक देशांतल्या हजारो रुग्णालयांत दिला जातो, आणि मी बरीच वर्षं त्याच्या नादाला लागलो आहे.

त्याचं मूळ सिएटलमधल्या एका खाटेपाशी आहे. पॅट्रिक बार्न्स हा ३३ वर्षांचा तरुण, घरी तान्ही मुलगी. शरीराची प्रतिकारशक्तीच रक्तातल्या प्लेटलेट्स नष्ट करू लागते, तो ‘आयटीपी’ नावाचा आजार त्याला झाला. आठ आठवडे तो रुग्णालयात होता आणि १९९९ साली गेला. मधे एकदा, अन्नावरची वासनाच उडालेली असताना, वडील स्वतःसाठी दालचिनीचा गोड रोल घेऊन आले. पॅट्रिकने एक घास मागितला आणि बघता बघता सगळा संपवला. दुसऱ्या दिवशी त्याने वडिलांना सांगितलं, आणखी आणा, पण माझ्या नर्सेससाठीही आणा. पुढे त्याच्या आठवणीत काहीतरी करावं असं ठरलं, तेव्हा घरच्यांना औषधांपेक्षा या नर्सेस जास्त आठवत होत्या. पॅट्रिक बेशुद्ध असतानाही त्या त्याच्याशी बोलून मगच त्याला हात लावत. आजही अनेक ठिकाणी हा पुरस्कार देताना दालचिनीचे रोल वाटतात. आपल्याकडे डिस्चार्जच्या दिवशी ‘सिस्टर, पेढे घ्या’ म्हणत पुडा पुढे करतात, त्याच जातीची ही गोष्ट.

निवड रुग्णालयातलीच समिती करते, बऱ्याच ठिकाणी पत्रातलं नर्सचं नाव झाकून. माझ्या वाचनात आलेल्या पत्रांत इंजेक्शन, सलाईन यांचा उल्लेख फारसा नसतो. कुणी केस विंचरून दिले, कुणी रात्री तीन वाजता खुर्ची ओढून पाच मिनिटं बसलं, कुणी म्हाताऱ्या नवऱ्याला घरी जाऊन झोपायला लावलं. केसपेपरवर यातलं काही चढत नाही.

आणि पुरस्कारासोबत मिळणारा तो पुतळा! सन्मानपत्र, बिल्ला हे सगळं ठीक, पण माझा जीव अडकलाय तो या दगडी पुतळ्यात. ‘हीलर्स टच’ त्याचं नाव. एका माणसाने दुसऱ्याला कवेत घेतलं आहे, इतकंच. मावसबहिणीची मुलगी तिकडे अमेरिकेत नर्स आहे. तिच्या मैत्रिणीकडे तो हातात घेऊन पाहिला. जड, गार, गुळगुळीत. हे पुतळे साच्यातून निघत नाहीत. झिंबाब्वेतले शोना कारागीर ते एकेक करून सर्पेंटाइन दगडात कोरतात, त्यामुळे एकासारखा दुसरा नसतो.

या दगडाची कहाणी सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. झिंबाब्वेच्या मधोमध सुमारे ५५० किलोमीटर लांबीचा ‘ग्रेट डाइक’ नावाचा खडकांचा पट्टा गेला आहे. हिरवट-काळा सर्पेंटाइन तिथे मुबलक. देशाचं नाव ऱ्होडेशिया आणि राजधानीचं सॉल्सबरी होतं, तेव्हा १९५७ मध्ये तिथे राष्ट्रीय कलादालन उघडलं. त्याचे पहिले संचालक फ्रँक मॅक्युएन यांनी स्थानिक माणसांच्या हाती छिन्नी दिली आणि ‘युरोपची नक्कल करू नका’ असा आग्रह धरला. १९६५ मध्ये गोऱ्या सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केलं, जगाने निर्बंध घातले, तंबाखूचा बाजार बसला. टॉम ब्लोमफील्ड नावाच्या तंबाखूच्या शेतकऱ्याने मग १९६६ मध्ये आपल्या टेंगेनेंगेच्या शेतावर शिल्पकारांची वस्तीच वसवली. दगड रानातच होता. मूर्ती घडवून झाली की पाणी आणि पॉलिशपेपरने घासतात, तापवतात आणि गरम असतानाच मेण चोळतात. त्या मेणाने आतला काळसर रंग वर येतो. एका देशातल्या नर्सच्या कौतुकासाठी दुसऱ्या देशातल्या कारागिराच्या घरची चूल पेटते, हा हिशेब मला फार आवडतो.

बाकीच्या सन्मानांची नोंद उरकून घेतो. फ्लोरेन्स नाइटिंगेल १२ मे १८२० ची, म्हणून तो दिवस परिचारिका दिन. तिच्या नावाचं रेडक्रॉसचं पदक १९१२ मध्ये ठरलं आणि १९२० मध्ये पहिल्यांदा दिलं गेलं. आपल्या केंद्र सरकारचा राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार १९७३ पासूनचा. तो मोठा मान आहे, नाही कोण म्हणतं? पण तिथवरची वाट प्रस्ताव, शिफारस आणि फाइलीतून जाते. पेशंटच्या हातचं पत्र ही वेगळीच चीज.

त्याच १९७३ च्या २७ नोव्हेंबरला मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिथल्याच परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर एका सफाई कर्मचाऱ्याने अमानुष हल्ला केला. त्यानंतर १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने जाईपर्यंत त्या अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेत तिथेच होत्या. जवळपास ४२ वर्षं. हातात चार्ज घेणाऱ्या पिढ्या बदलल्या. ज्यांनी त्यांना कधी चालताबोलताना पाहिलं नव्हतं, त्या मुलीही त्यांना भरवत होत्या. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवरच्या ७ मार्च २०११ च्या निकालात या कर्मचाऱ्यांची तोंड भरून प्रशंसा केली आणि अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा हक्क त्यांचाच मानला. इतक्या वर्षांत अंगावर एकही बेडसोर नाही, हीदेखील तिथे नोंदली गेलेली बाब. ज्याने घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळलंय, त्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ पुसून कोरडी करायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. दिवसा, रात्री, गणपतीत, दिवाळीत. कूस बदलण्याच्या त्या हजारो वेळांना पत्र लिहायला पेशंटपाशी वाचाच नव्हती. ते काम अखेर न्यायमूर्तींनी केलं.

एका नातेवाइकाला भेटायला मी एका रुग्णालयात वरचेवर जात होतो. प्रवेशद्वारापाशीच तक्रारपेटी, तिला भलंमोठं कुलूप. कौतुकाची चिठ्ठी कुठे टाकायची, असं विचारल्यावर खिडकीतल्या बाईंनी माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि ‘त्यातच टाका’ म्हणाल्या. टाकली. तिचं पुढे काय झालं देव जाणे.

तेव्हापासून मी पेटीच्या भानगडीत पडत नाही. पत्र थेट रुग्णालयाच्या अधीक्षकांच्या नावे, एक प्रत मेट्रनकडे, आणि ‘संबंधित परिचारिकेच्या वैयक्तिक फाइलला लावावे’ अशी शेवटी विनंती. ‘सेवा उत्तम होती’ असलं मोघम नको. तिने नेमकं काय केलं ते लिहावं. गडबडीत नाव विचारायचं राहूनच जातं, तर तारीख, वॉर्ड आणि पाळी तेवढी लिहावी. ड्युटीचा तक्ता बघून मेट्रन नाव शोधून काढतात.