ज्येष्ठांची सवलत आणि तिकिटावरील करमर्यादा

नवी दिल्ली : क्रीडा सामन्यांच्या तिकिटांवरील वस्तू व सेवा कर (जीएसटी) प्रेक्षकाचे वय पाहत नाही, पाहतो तो केवळ दर. मान्यताप्राप्त स्पर्धेचे ५०० रुपयांपर्यंतचे तिकीट करमुक्त असते. त्यापुढे संपूर्ण रकमेवर १८ टक्के कर लागतो. ज्येष्ठांना सवलत द्यायची की नाही, हे आयोजकच ठरवतात. मात्र तिचा लाभ दुहेरी होऊ शकतो. ८०० रुपयांचे तिकीट करासह ९४४ रुपयांना पडते; तेच निम्म्या दरात दिल्यास करमुक्त मर्यादेत येते आणि ४०० रुपयेच मोजावे लागतात. सवलत विक्रीच्या वेळीच देऊन बिलावर नोंदवलेली हवी, एवढेच.

आयपीएलची गोष्ट वेगळी आहे. तेथील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून ४० टक्के झाला. १,००० रुपयांच्या तिकिटासाठी १,४०० रुपये, हा भुर्दंड निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या क्रिकेटप्रेमीला जडच आहे.