गोबर गॅस केवढा बांधावा?

घरी गुरे आहेत. शेण आहे. गोबर गॅस बांधायचा विचार पक्का झाला आहे. फार चांगले! आता पहिला प्रश्न येतो. केवढा बांधावा?

पुष्कळ जण म्हणतात, "बांधायचाच तर मोठा बांधू. मोठ्या टाकीत गॅस जास्त."

ऐकायला हे बरे वाटते. पण ते खरे नाही. तांब्याभर दूध देणाऱ्या गाईखाली घागर धरली, म्हणून घागर भरते का? गॅसचेही तसेच आहे. गॅस शेणापासून होतो. जेवढे शेण, तेवढाच गॅस.

गॅस कसा होतो?

शेण घ्यावे आणि तेवढेच पाणी घ्यावे. दोन्ही नीट कालवावे. हा काला बंद टाकीत जातो. तेथे हवा नसते. डोळ्यांना न दिसणारे बारीक जंतू तेथे शेण कुजवतात. त्यातून गॅस निघतो. त्यात निम्म्याहून अधिक मिथेन नावाचा वायू असतो. तोच जळतो. शेण नीट कुजायला साधारण ४० दिवस लागतात. रोज नवा काला आत गेला की जुनी मळी बाहेर येते. ती शेताला उत्तम खत.

ही विद्या आजची नव्हे. मुंबईत माटुंग्याला कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस धरला होता. पुढे जशभाई पटेल यांनी तरंगत्या लोखंडी झाकणाची टाकी तयार केली. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने ती गावोगाव नेली. १९८४ साली 'दीनबंधू' नावाची, विटांच्या घुमटाची, कमी खर्चाची टाकी आली. टाकी कोणतीही बांधा. मापाचा हिशेब एकच.

माप कसे सांगतात?

गॅस घनमीटरमध्ये मोजतात. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशी पेटी मनात आणा. तिच्यात मावेल तेवढा गॅस म्हणजे १ घनमीटर. '२ घनमीटरचा गोबर गॅस' म्हणजे रोज २ घनमीटर गॅस देणारा. खड्डा तेवढा, असे नव्हे. खड्डा त्याहून मोठा असतो.

आधी शेण मोजा

मोठी गाय किंवा बैल दिवसाला सुमारे १० किलो शेण टाकतो. म्हैस सुमारे १५ किलो. वासराचे कमी. पण गुरे दिवसभर रानात चरत असतील, तर बरेच शेण रानातच पडते. म्हणून अंदाजावर जाऊ नका. आठ दिवस गोठ्यातले शेण पाटीत भरा, काट्यावर तोला आणि वहीत लिहा. आता तुम्हाला लिहिता येते. त्या आठ आकड्यांची बेरीज करा. तिला आठाने भागा. तेच तुमचे रोजचे शेण.

विकायला काढलेले जनावर हिशेबात धरू नका. बारा महिने दावणीला राहील तेच धरा.

२५ किलो शेणापासून सुमारे १ घनमीटर गॅस होतो.

मग माणसे मोजा

एका माणसाच्या स्वयंपाकाला रोज सुमारे पाव घनमीटर गॅस लागतो. म्हणजे चार माणसांना १ घनमीटर. दोन्ही हिशेब एकत्र लिहू:

१ घनमीटर : शेण २५ किलो, माणसे ३ ते ४.
२ घनमीटर : शेण ५० किलो, माणसे ५ ते ८.
३ घनमीटर : शेण ७५ किलो, माणसे ९ ते १२.

शेणावरून एक माप येईल. माणसांवरून दुसरे येईल. दोन्हींत जे लहान, तेच माप धरा. शेण उरले तर उकिरड्यावर जाईल. त्याचे खत होईल. नुकसान काहीच नाही.

एक उदाहरण घेऊ

समजा, एका घरात आठ माणसे आहेत. दावणीला दोन बैल आणि एक म्हैस. गोठ्यातले शेण तोलले, तर रोज २५ किलो भरते.

धनी म्हणतो, "शेजारच्यांनी तीनाचा बांधला. आपण काय कमी आहोत?"

कारभारीण म्हणते, "अहो, त्यांच्या दावणीला नऊ जनावरं. आपल्या दावणीला तीन. रोज पंचाहत्तर किलो शेण आणू कुठून? आणि पाणीही तेवढंच लागणार. ते कुणाच्या डोईवरून येणार?"

कारभारणीचे बरोबर आहे. ३ घनमीटरची टाकी पहिल्यांदा भरायलाच सुमारे ३,००० किलो शेण लागेल. ते गोळा करायला या घराला चार महिने लागतील. पुढे रोज २५ किलोच शेण पडेल. मग गॅसही १ घनमीटरच होईल. विटा, सिमेंट आणि मजुरी मात्र तिप्पट गॅसाच्या टाकीची. दाब कमी पडला की शेगडी नीट पेटत नाही. भाकरी अर्धवट राहते. बाई पुन्हा चुलीपुढे बसते, धूर खाते. शेवटी टाकी बंद पडते. लोक म्हणतात, "गोबर गॅस चालत नाही." दोष टाकीचा नसतो. हिशेब चुकलेला असतो.

या घराने १ घनमीटरचा बांधावा. आठ माणसांचा सगळा स्वयंपाक त्यावर होणार नाही. एका वेळचा होईल. तेही थोडे नव्हे. १ घनमीटर गॅस म्हणजे सिलिंडरमधला सुमारे साडेचारशे ग्रॅम गॅस. महिन्याचा हिशेब केला, तर जवळजवळ एक सिलिंडर वाचतो. शिवाय खत घरचे.

आणखी चार गोष्टी

थंडीत जंतूंचे काम मंदावते. गॅस कमी येतो. घाबरू नका.

टाकीच्या मापापेक्षा जास्त शेण घालू नका. ते अर्धे कच्चेच बाहेर येते.

साबणाचे पाणी टाकीत घालू नका. त्याने जंतू मरतात.

उन्हाळ्यात विहीर आटत असेल, तर पाण्याचाही हिशेब आधीच करा. ५० किलो शेणाला ५० लिटर पाणी रोज हवे.

अनुदानाची चौकशी पंचायत समितीत कृषी विभागाकडे करा. पण अनुदान जास्त मिळते म्हणून टाकी मोठी बांधू नका. अनुदान एकदाच मिळते. शेण रोज लागते.

तुमच्या घरचा हिशेब करा

गवंड्याला बोलावण्याआधी वहीत लिहा:

१. आमचे रोजचे शेण किती किलो?
२. त्याला २५ ने भागले तर किती?
३. घरात जेवणारी माणसे किती?
४. त्यांना ४ ने भागले तर किती?
५. दुसऱ्या आणि चौथ्या उत्तरांत लहान कोणते?

ते पाचवे उत्तर गवंड्याला दाखवा. घरातल्या बाईलाही दाखवा. शेण-पाणी कालवायचे आणि शेगडी पेटवायची, ती बहुधा तीच असते. तिचा होकार घ्या आणि मगच कुदळ मारा.