माणसाचा जंतू, प्रवाळाला आजार

‘सेरेशिया मार्सेसेन्स’ हा जिवाणू रुग्णालयांना नवा नाही. अशक्त रुग्णांमध्ये तो मूत्रमार्गाचा संसर्ग, न्यूमोनिया, कधी रक्तातील जंतुसंसर्गही घडवतो. हाच जिवाणू समुद्रातील प्रवाळाचाही जीव घेऊ शकतो, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

एल्कहॉर्न हे कॅरिबियन समुद्रातील फांद्याफांद्यांचे प्रवाळ. हरणाच्या रुंद शिंगांसारख्या या फांद्या वर्षाला पाच ते दहा सेंटिमीटर वाढतात. त्यांच्यावर लाटांचा जोर ओसरतो, म्हणून किनारा वाचतो. त्यांच्या आडोशाला मासे राहतात. १९९६ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडाच्या की वेस्ट बेटाजवळ या प्रवाळावर पांढरे चट्टे दिसू लागले. तिथले जिवंत आवरण गळून खालचा चुन्याचा सांगाडा उघडा पडत होता. २००२ मध्ये संशोधकांनी या आजाराशी सेरेशियाचा संबंध जोडला.

हा जिवाणू आला कुठून? कॅथरिन सदरलँड आणि सहकाऱ्यांनी मानवी सांडपाण्यातून मिळवलेला सेरेशिया प्रयोगशाळेत निरोगी प्रवाळाच्या तुकड्यांना लावला. काही दिवसांतच आजार दिसला आणि आजारी तुकड्यांतून तोच जिवाणू पुन्हा मिळाला. जंतू आणि आजाराचे नाते सिद्ध करण्याची रॉबर्ट कॉख यांची ही जुनी कसोटी. २०११ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्राण्यांचे आजार माणसाला होतात, हे सर्वांना माहीत आहे. इथे उलटे घडले होते. अर्थात, पांढऱ्या चट्ट्यांच्या प्रत्येक साथीमागे हाच जिवाणू असतो असे नाही.

या बेटांची जमीन सच्छिद्र चुनखडीची. सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यांतले पाणी तिच्यातून झिरपत समुद्रात जाई. पुढे तिथे भुयारी गटारे आणि सांडपाणी शुद्धीकरणाची चांगली केंद्रे उभी राहिली. हा उपाय माणसाच्या आरोग्यासाठीही तितकाच गरजेचा होता.

पण प्रवाळाला दुसरे दुखणे आहे, ते तापाचे. पाणी फार तापले की प्रवाळ आपल्या शरीरात राहून अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवाले बाहेर टाकते, पांढरे पडते आणि उपासमारीने मरते. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडातील बहुतेक एल्कहॉर्न असेच गेले. आता उरलेल्या प्रवाळांची रोपवाटिकांत जपणूक होते. होंडुरासमधील उष्णता सोसणाऱ्या प्रवाळांशी संकर करून तयार केलेली पिल्लेही २०२५ मध्ये मायामीजवळ समुद्रात लावली गेली.

सांडपाण्याचा प्रश्न एका शहराला सोडवता आला. समुद्राचा ताप उतरवणे मात्र एकट्या शहराच्या हाती नाही.