आकडीच्या मुळाशी असलेला व्रण

१९३८ साली न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमध्ये पूर्ण दिवसांची एक मुलगी जन्मली. तिसऱ्याच दिवशी तिला आकडी आली. महिन्याभरात ती गेली. तिच्या मेंदूत डॉक्टरांना टॉक्सोप्लाझ्मा हा सूक्ष्म परजीवी सापडला. ट्युनिसमध्ये १९०८ साली तो एका रानउंदरासारख्या प्राण्यात दिसला होता. तो आईच्या पोटातच बाळाला गाठतो, हे मात्र या चिमुरडीमुळे सिद्ध झालं.

मांजराच्या विष्ठेतून त्याची बीजं मातीत पडतात आणि एक ते पाच दिवसांत संसर्गाला तयार होतात. न धुतलेली भाजी किंवा अर्धकच्चं मटण, एवढी वाट त्याला पुरते. धडधाकट माणसाला बहुधा कळतही नाही. पण हा संसर्ग पहिल्यांदाच आणि नेमका गरोदरपणात झाला, तर जंतू आईच्या रक्तातून वारेत शिरतो. सुरुवातीच्या महिन्यांत तो बाळापर्यंत पोचण्याची शक्यता कमी असते, पण पोचला तर इजा मोठी. शेवटच्या महिन्यांत नेमकं उलटं.

घडत्या मेंदूत तो पेशी फोडत जातो. तिथे दाह होतो आणि मेलेल्या भागात कॅल्शियम साचतं. सीटी स्कॅनमध्ये करड्या मेंदूवर खडूचे कण सांडावेत तसे हे पांढरे ठिपके दिसतात. मेंदूतल्या पाण्याची वाट बुजली तर डोकं मोठं होत जातं. डोळ्याच्या पडद्यालाही व्रण पडतात. मेंदूतल्या अशा व्रणाच्या कडेच्या पेशी चटकन भडकतात. त्या एकदम पेटल्या की फिट, म्हणजेच आकडी, येते. म्हणूनच जंतू निपचित पडल्यावर, कधी काही वर्षांनीही, पहिली फिट येऊ शकते. जंतूवरची औषधं बाळाला साधारण वर्षभर देतात. फिटच्या गोळ्या फिट आवरतात, व्रण पुसत नाहीत. त्या मनानं बंद करणं धोक्याचं आहे.

आपल्याकडे गरोदरपणातले संसर्ग शोधणाऱ्या ‘टॉर्च’ रक्ततपासणीत आयजीएम हे प्रतिपिंड पॉझिटिव्ह आलं की घरात रडारड होते. पण ते जुन्या संसर्गानंतरही महिनोन् महिने, कधी वर्षभराहून जास्त, तसंच राहतं. संसर्ग जुना की ताजा, हे ठरवायला प्रतिपिंडांची पकड किती घट्ट आहे ते मोजणारी अ‍ॅविडिटी तपासणी मदत करते. तेव्हा एका कागदावरून गर्भपाताचा निर्णय कृपा करून घेऊ नका. आधी ती तपासणी करून घ्या.